उन्हानं चढणारं पाणी

मे महिना लागला की आमच्या गच्चीवर स्वेटर वाळत पडतात. बदलापूरचं मेमधलं ऊन असं की चप्पल घातल्याशिवाय गच्चीवर पाऊल टाकता येत नाही. अशा उन्हात मी दोरीवर लोकरीचे स्वेटर, एक शाल आणि बाबांची माकडटोपी टाकते. पावसाळ्याआधी ऊन दाखवलं नाही तर लोकरीला बुरशी धरते, कारण एवढंच. पण शेजारच्या भाभी दरवर्षी कठड्यावरून वाकून विचारतात, "क्या ताई, बदलापूर में बर्फ गिरनेवाला है क्या?" मी दरवर्षी तेवढंच हसते. मग त्या पापड पसरायला लागतात आणि मी खाली येते.

त्या स्वेटरांमध्ये एक मरून रंगाचा आहे, पुढे बटणं असलेला. तो कधी कुणी घातलाच नाही. तो आईचा.

तो घेतला तेव्हाही मे महिनाच होता. उल्हासनगरच्या कॅम्प एकमध्ये, भर दुपारी, घामानं ब्लाउज पाठीला चिकटलेला, आणि आई दुकानदाराला म्हणते, स्वेटर दाखवा. सिंधी दुकानदार पंख्याखाली ताक पीत बसला होता. तो म्हणाला, "माताजी, मई में स्वेटर? तबियत ठीक है ना?" आई ठाम. "इसी लिये तो आयी. दिवाली के बाद तुम भाव चढाता. अभी तुम्हारा माल कौन पूछता है?" त्यानं कपाळावर हात मारला आणि पोटमाळ्यावरून गठ्ठा खाली टाकायला लावला. डांबरगोळ्यांचा वास सगळ्या दुकानात पसरला. आईनं सगळ्यांच्या मापाचे स्वेटर घेतले आणि वर बाबांची माकडटोपी फुकटात मागून घेतली.

तिला बर्फ बघायचा होता. खरं म्हणजे बघायचाही नव्हता, बर्फाच्या पाण्यात पाय सोडून बसायचं होतं. साखरेच्या दुखण्यामुळे तिच्या तळपायांची सारखी आग व्हायची. संध्याकाळी ती टबात गार पाणी घेऊन त्यात पाय ठेवून बसायची आणि मालिका बघायची. "एकदा हिमालयात नेऊन सोडा मला," ती म्हणायची, "तिथं पाय बुडवून बसते. उठवू नका." त्यासाठी वर्षभर आधीच तिनं पुढच्या मेमध्ये हिमाचलला जायचं ठरवलं होतं.

जानेवारीत आई गेली. सकाळी चहा टाकला, गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून खाली बसली. गॅस बंद करून गेली, हे आत्या पुढे कितीतरी दिवस येईल त्याला सांगत होती, जणू ते आईचं शेवटचं मोठं काम होतं. असेलही.

मी रडले नाही. फोन केले, खुर्च्या मागवल्या, आल्यागेल्याच्या चहाचं बघितलं, दहावं, बारावं, दाखले. दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिलं की गाल आपलाच असतो, हात लावला तर हाताला लागतो, पण गालाला काही कळत नाही. तसं मला सगळ्या अंगभर झालं होतं. बायका येऊन गळ्यात पडायच्या, हुंदके द्यायच्या आणि मी त्यांच्या पाठीवर थोपटायची. एक लांबची मामी जाताना म्हणाली, "खंबीर आहे पोरगी." मी खंबीर नव्हते. मी नव्हतेच.

बाबाही रडले नाहीत. ते जेवायचे, बातम्या बघायचे, संध्याकाळी उल्हास नदीच्या काठापर्यंत चालून यायचे. आईचं नाव मात्र त्यांच्या तोंडून गेलं ते गेलंच. तिच्या साड्यांच्या गोधड्या शिवायच्या म्हणून आत्यानं गठ्ठा बांधला, तेव्हा त्यातली एक त्यांनी ओढून काढली. जांभळी, बारीक पांढऱ्या फुलांची, घरात नेसायची, अगदीच साधी. काय करणार तिचं, असं आत्यानं विचारलं. बाबा साडी घेऊन आत गेले.

माझा धाकटा भाऊ रुपेश, त्याचं कॅम्प पाचमध्ये मोबाइल दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. मार्चमध्ये तो एकदा घरी आला आणि मला गॅलरीत नेऊन म्हणाला, "ताई, ते आईचं हिमाचलवालं कॅन्सल नको करू. बाबांना घेऊन जाऊ. मला टेन्शन आलंय यार, तो माणूस अजून एकदा पण रडला नाही. अंदर ही अंदर जाईल. एकदा मोकळे झाले पाहिजेत."

मला ते पटलं. पटणं वगैरे डोक्यातली कामं तेव्हा माझी नीट चालू होती. नवऱ्याला सुट्टी नव्हती. बाबा, रुपेश, मी आणि माझी मुलगी ओवी, ती तेव्हा सातवीत होती. निघायच्या आदल्या दिवशी मी तांदळाच्या भाकऱ्या थापल्या, सुक्या जवळ्याची चटणी केली. प्रवासाला निघताना आई हेच करायची. ओवी म्हणाली, आजीसारखीच झालीय. मी डबा बंद केला.

*

आमचं मूळ गाव बदलापूरच्या पलीकडे, नदीला लागून. बाबा अंबरनाथच्या कंपनीत नोकरीला होते, पण गावात त्यांची खरी ओळख दुसरीच होती. पावसाळ्यात लोक त्यांना विचारायला यायचे, "तात्या, पानी येल काय?" बाबा अंगणात उभे राहून कर्जतच्या अंगाला, नदी येते तिकडं, आभाळ कसं आहे ते बघायचे. तिकडं काळं झालं की ते म्हणायचे, भात माळ्यावर टाका, बकऱ्या वर न्या. आणि पाणी यायचं. तिकडं निवळलं की म्हणायचे, झोपा निवांत. आणि लोक खरंच झोपायचे. नदी म्हणजे आभाळाची सावकाश आलेली बातमी, हे आम्ही भावंडं शाळेत जायच्या आधीच शिकलो.

गावाच्या आणि शाळेच्या मध्ये एक ओढा होता. जुलै-ऑगस्टमध्ये तो गुडघ्यापर्यंत यायचा. तेव्हा आई आमच्या आळीतल्या पोरांना साडीला धरून पलीकडं न्यायची. जुन्या साडीला पीळ घालून, गाठी मारून तिनं दोर केला होता. एक टोक जांभळीच्या बुंध्याला, एक टोक तिच्या कमरेला. आम्ही दप्तरं डोक्यावर घेऊन एका हातानं साडी पकडून चालायचो. कुणी मस्ती केली तर पाण्यातच धपाटा मिळायचा.

हे मला हिमाचलला निघताना आठवत नव्हतं. तेव्हा काहीच आठवत नव्हतं. आता लिहिताना सगळं एका ओळीत येऊन उभं राहतं, म्हणून सांगते.

*

हिमाचलातली ती घळ खरोखर देखणी होती. दोन्ही बाजूंना उभे कडे, त्यांच्या माथ्यावर देवदार, आणखी वर पांढरा बर्फ, आणि तळाला नदी. आपल्याकडच्या नद्यांसारखी गढूळ तांबडी नाही. तांदळाच्या धुवणासारखी, राखाडी पांढरी. आवाज मात्र एवढा की शेजारच्याशी बोलायला ओरडावं लागे. वाट कधी नदीच्या अगदी कडेनं, कधी वर अक्रोडाच्या झाडांतून जायची. ओवी दर वळणावर "आई, बघ ना!" म्हणायची आणि मी बघायची. सुंदर आहे हे कळत होतं, पण वाटत नव्हतं. मी फोटो काढत होते, म्हणजे काढायचे असतात म्हणून.

बाबा पुढे चालायचे, माकडटोपी, स्वेटर आणि पाठीला पिशवी. मी त्यांच्याकडे सारखी बघत होते. आत्ता रडतील, या वळणावर रडतील. एका दगडावर ते बराच वेळ बसले तेव्हा मी रुपेशला कोपरानं ढोसलं. पण ते बुटातला खडा काढत होते. बूट उल्हासनगरचाच. तळवा सुटायला आला होता, त्यांनी तो सुतळीनं बांधला आणि चालू लागले.

आम्ही उतरलो होतो त्या घराच्या मालकीणबाईंनी सकाळीच बजावलं होतं, "आगे एक नाला आएगा. उस पार जाना है तो जाओ, पर दोपहर से पहले लौट आना जी." बाबांनी दारातूनच मान वर करून आभाळ बघितलं. निळं, कोरं, एक ढग नाही. मग कड्यांकडे, वरच्या अंगाला बघितलं. तिकडंही काही नाही. "भाभीजी, बारिश किधर है?" ते हसून म्हणाले. आणि आम्हाला म्हणाले, "आभाल साफ हाय. पानी कुठून येनार?"

आम्ही निवांत निघालो. तात्यांनी सांगितलं होतं.

तो नाला बाजूच्या डोंगरातून येऊन नदीला मिळत होता. सकाळी घोट्याइतकं पाणी. दगडांवर पाय ठेवत आम्ही पलीकडं गेलो. तिकडं गवताचा एक सपाट तुकडा होता, पिवळी फुलं, पाठीला कडा. बसलो. मी डबा उघडला, जवळ्याचा वास त्या हिमालयात असा काही सुटला की ओवी म्हणाली, आता अस्वल येईल. जेवलो. ऊन छान लागत होतं. रुपेश आडवा झाला. बाबा आभाळ बघत म्हणाले, "काय दिवस हाय." ओवी पाण्याजवळ खेळत होती.

थोड्या वेळानं ती आली आणि म्हणाली, "आई, माझा बसायचा दगड गेला."

आम्ही बघितलं. दगड गेला नव्हता, पाण्याखाली होता. सकाळी ज्यांच्यावरून आलो त्यातला एकही दगड दिसत नव्हता. घोट्याचं पाणी गुडघ्याला आलेलं, रंग बदललेला, आणि आवाज जाडसर झालेला. डोक्यावर रखरखीत ऊन.

बाबा उभे राहिले. त्यांनी आभाळ बघितलं. मग पाणी बघितलं. पुन्हा आभाळ. मला त्यांचा चेहरा अजून दिसतो. घाबरलेला नव्हता तो. कुणीतरी जवळच्यानं खोटं बोलावं आणि ते पकडलं जावं, तसा झाला होता. "ऊन," ते म्हणाले. "ऊन हाय म्हनून चढतंय. बर्फ वितळतोय वर." आणि हळूच, स्वतःशीच, "हितं सगलं उलटं हाय."

पाऊस पडला की नदी चढते एवढंच आमच्या सह्याद्रीतल्या माणसांना ठाऊक. भाभीजी पावसाबद्दल बोलतच नव्हत्या. त्या उन्हाबद्दल सांगत होत्या आणि आम्ही त्यांना हसलो होतो. संध्याकाळपर्यंत ऊन, म्हणजे संध्याकाळपर्यंत पाणी चढणार. मागे कडा, पुढे नाला. पलीकडं माणूस नाही.

रुपेश म्हणाला, "अभी नहीं निकले तो रात इथेच. आणि इथे रात म्हणजे..." तो ओवीकडे बघून थांबला.

बाबांनी पिशवी उघडली. तळातून जांभळी साडी काढली.

ती त्यांच्याजवळ आहे हे तोवर आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. त्यांनी ती उलगडली, एक टोक रुपेशच्या हातात दिलं आणि ते दोघं पीळ घालू लागले. पीळ झाला, मग हातभर अंतरावर गाठी. बाबांची बोटं भराभर चालत होती. गाठ ओढताना ते म्हणाले, "तुमची आय न्यायची ना तुमाला, तसं."

जानेवारीनंतर पहिल्यांदा त्यांच्या तोंडून तिचा उल्लेख आला. मी ते ऐकलं, नोंद केली, आणि आता हे रडतील असं मनाशी म्हटलं. ते रडले नाहीत. दुसरं टोक कमरेला गुंडाळून एका मोठ्या दगडामागे पाय रोवून उभे राहिले.

रुपेश काठी टेकत पहिला गेला. साडी जेमतेम पुरली. पलीकडं पोचल्यावर त्यानं टोक एका देवदाराच्या मुळीला बांधलं आणि ओरडला, "ये ताई!" मी ओवीला पुढं घेतलं. एका हातात साडी, दुसरा हात तिच्या पाठीवर. पाणी लागताच हाडात कळ गेली, सुयांसारखी. चार पावलांनंतर कळ थांबली. पाय होते, पण माझे नव्हते. खाली दगड आहे की खड्डा हे कळेना. ओवी रडत चालत होती. मी तिला मोठ्यानं म्हणत होते, "साडी सोडू नकोस, साडी सोडू नकोस," आणि मध्येच माझ्या लक्षात आलं की हे वाक्य माझं नाही, आवाजही माझा नाही. आईचा आहे.

पलीकडं गेलो. मग बाबा. सत्तरीला आलेला माणूस, कमरेला जांभळी साडी, पायात सुतळीनं बांधलेला बूट. रुपेशनं टोक सोडून मनगटाला वेढलं. मध्यावर बाबांचा पाय घसरला आणि ते कमरेपर्यंत खाली गेले. मी आणि रुपेशनं ओढलं. दोघं मागे रेलून, दात आवळून ओढत होतो. साडी ताठ झाली, फाटल्याचा आवाज आला, पण धरून राहिली. बाबा गुडघ्यांवर काठाला लागले आणि आम्ही सगळे तिथंच दगडांवर पसरलो.

थोड्या वेळानं पाय परत यायला लागले. पाय बधिर होताना जेवढं दुखत नाही तेवढं परत येताना दुखतं, हे मला ठाऊक नव्हतं. आग आग झाली तळव्यांची. मी दोन्ही पाय हातात धरून बसले. आईचं टबात पाय घालून बसणं मला तेव्हा कळलं, म्हणजे डोक्याला नाही, पायांना कळलं.

बाबांनी कमरेची साडी सोडली. एकेक गाठ उकलली. मग ती पिळली, झटकली, आणि उन्हानं तापलेल्या एका मोठ्या खडकावर पसरून चारही टोकांना दगड ठेवले. रुपेश म्हणाला, चला आता, अंगात ओले कपडे आहेत. बाबा खडकाशेजारी बसले. "सुकू दे," ते म्हणाले. "मंग जाऊ."

आम्ही चौघं एक साडी सुकायची वाट बघत बसलो. पाणी आमच्यासमोर चढत होतं.

मला राहवलं नाही. म्हटलं, "बाबा, तुम्ही एकदा रडून घ्या ना. त्यासाठीच आलोय आपण. रुपेशला तुमची काळजी वाटते."

बाबांनी माझ्याकडे नवलानं बघितलं. मग रुपेशकडे. "मला तर हा बोलला ताई रडली नाय, तिला घेऊन जाऊ. मी काय हिमालय बघायला आलतो या वयात? तुज्यासाठी आलो."

रुपेश दुसरीकडे बघून मोजे पिळत होता. "मग काय करणार?" तो म्हणाला. "दोघं पण सेम. एकमेकांसाठी बोललो तरच निघणार होता तुम्ही."

"आणि तू रे?" मी विचारलं.

"मी तर डेली रडतो यार. बाईकवर. हेल्मेटच्या आत कोण बघतंय?"

बाबा हसले. हसता हसता त्यांनी माकडटोपी ओढून तोंडावर घेतली. टोपी बराच वेळ तशीच राहिली, खांदे हलत राहिले. रुपेश उठून त्यांना चिकटून बसला, ओवी दुसऱ्या बाजूला. मी साडीवरचे दगड नीट करत होते. बाबा मोकळे झाले, काम झालं, असं मला वाटलं. मला बरंही वाटलं नाही. पाय तेवढे दुखत होते.

साडी सुकल्यावर निघालो. वाटेत भाभीजी भेटल्या, आम्हाला शोधायलाच निघाल्या होत्या. त्यांनी बाबांना असं झापलं की आईची आठवण यावी.

*

त्याला आता चार वर्षं झाली. बाबा आईबद्दल सारखं बोलतात. तिच्या आमटीबद्दल, तिच्या भांडणांबद्दल, एकदा तर ती लग्नाआधी कशी दिसायची याबद्दल, तेही जावयासमोर. आत्याला त्यांनी स्वतः गोधड्या शिवायला सांगितल्या. जांभळी साडी मात्र माझ्या कपाटात राहिली. घरी आल्यावर ती धुवावी असं कुणालाच वाटलं नाही, घडी घालून ठेवून दिली. आणि मी? माझं बरं चाललंय. शाळा, पेपर तपासणं, पाण्याचा टँकर, ओवीचे क्लास. कुणी गेलं की मी जाते, पाठीवर थोपटते, चहाचं बघते. लोक मला बोलावतातच त्यासाठी. कधी कधी वाटतं, असंच असणार आता. काही माणसांना ऊन लागतच नसेल.

काल ओवी कॉलेजच्या मुलींबरोबर हिमाचलला निघायच्या तयारीत होती. सगळं घरभर पसरलेलं. स्वेटर मी गच्चीवरून काढून आणले होते. तिनं मरून रंगाचा अंगाला लावून बघितला आणि म्हणाली, "हा मी नेऊ? आजीचा?" मी म्हटलं, ने. मग म्हणाली, "आणि ती साडी पण दे ना. नाला असेल तर."

"दोर मिळतात की चांगले," मी म्हटलं.

"दोर आहे गं. साडी पण दे."

बाबा खिडकीशी खुर्चीत बसले होते. मी कपाट उघडलं, साडी काढली आणि घडी मोडून झटकली. फरशीवर रेती पडली. बारीक, राखाडी, चमचम करणारी, पिठासारखी. चार वर्षं ती घडीत बसून होती. गाठी पडल्या होत्या तिथं कापड अजून चुरगळलेलं होतं आणि काठाशी एक लांब चीर होती, बाबा घसरले तेव्हाची.

केर काढावा म्हणून मी झाडू घेतला आणि खाली बसले. मग काही मला उठता येईना. रडू आलं. साधंच लिहिते, कारण ते साधंच होतं. आई गेली म्हणून रडू आलं. तिनं गॅस बंद केला म्हणून, तिचे पाय जळत होते म्हणून, ती पाण्यात उभी राहून साडी सोडू नका म्हणायची म्हणून. मी रेतीत हात घालून लहान पोरीसारखी मोठमोठ्यानं रडत होते आणि तळपायांची आग आग होत होती.

ओवी घाबरली. तिनं मला असं कधी बघितलंच नव्हतं. "आजोबा, आई बघा ना! काय झालं अचानक?"

बाबा उठले नाहीत. त्यांनी खिडकीतून मान वर करून बाहेर बघितलं. मेमधलं आभाळ, निळं, कोरं, एक ढग नाही.

"आभाल साफ हाय," ते म्हणाले. "म्हनजे पानी चढनारच. चढू दे."